नोटा दाबला, तरी निकालाला पहाटे उठलो

ताई, नमस्कार.
माझा प्रश्न घरगुती आहे की राजकीय, ते मलाच कळत नाही. वय ४९. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यात कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. २०१९ ला लोकसभेला ज्या पक्षाला मत दिलं, त्याचे पुढे दोन तुकडे झाले. एक इकडे, एक तिकडे. वैतागून २०२४ ला नोटा दाबला. रोज रात्री आठ ते दहा टीव्हीवरच्या चर्चा बघतो. बायको म्हणते, तुमची बीपीची गोळी त्यांच्यामुळंच वाढली. धाकटा भाऊ नेमका दुसऱ्या बाजूचा. गणपतीत आरती राहिली बाजूला, आमचीच जुंपली. मी घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला, आठ महिने बोलणं नाही. त्याची शनिवारी सेकंड शिफ्ट असते, आम्ही मुद्दाम शनिवारीच वडिलांना भेटायला जातो.
वडील ८६ वर्षांचे, सूतगिरणीतून निवृत्त. पीएफ कार्यालयाकडून मिळणारी ईपीएसची पेन्शन हजाराच्या थोडी वर. दर निवडणुकीत सगळे सांगतात, वाढवू. तरी हे गृहस्थ मतदानाला रिक्षा करून गेले! घरून मत द्यायची सोय आहे म्हटलं तर चिडले.
मुलाला अठरा पूर्ण झाली. यादीत नाव घाल म्हटलं तर म्हणतो, "तुम्ही तीस वर्षं मत देताय, काय मिळालं?" मला उत्तर सुचलं नाही.
आणि गंमत सांगू का? निकालाच्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून टीव्हीसमोर मीच बसलो होतो. नोटा दाबणाऱ्यानं कशाला उठावं? ही आशा म्हणायची की मूर्खपणा?
— वैतागलेला मतदार

नमस्कार.

तुमच्या रागापासून सुरुवात करते, कारण तो रास्त आहे आणि कुणी तुम्हाला "शांत व्हा, लोकशाही महान आहे" असं सांगितलं तर तो आणखी वाढेल. ज्या चिन्हापुढचं बटण दाबलं, ते चिन्हच नंतर कोणाचं यावर वर्षानुवर्षं खटला चालतो, तेव्हा आपण दिलेलं मत नेमकं कुठं गेलं असं वाटणारच. मलाही वाटलं. माझा कोणता तुकडा, ते सांगत नाही.

पण हे दुखणं आपल्या पिढीचं आहे असं समजू नका. तुमच्या वडिलांना विचारा, 'आयाराम गयाराम' हा शब्द त्यांना पाठ असेल. १९६७ साली हरियाणातल्या होडलचे आमदार गयालाल यांनी एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तेव्हापासूनचा तो शब्द. पक्षांतरबंदीचा कायदा यायला १९८५ उजाडलं. त्यातही मेख होती: एकटादुकटा फुटला तर पद जाणार, पण पक्षाचे एक तृतीयांश लोक एकदम फुटले तर माफ. म्हणजे किरकोळीला बंदी, घाऊकाला मोकळीक. २००३ मध्ये ती एक तृतीयांशाची पळवाट बुजवली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली. आणि अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे, जे स्वतः कुठल्यातरी पक्षाकडूनच निवडून आलेले असतात. किती दिवसांत निर्णय द्यायचा, याची मुदत कायद्यात नाहीच. साधारण तीन महिन्यांत द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. आपल्या विधानसभेत २०२२ च्या जूनमध्ये फूट पडली आणि अध्यक्षांचा निकाल आला २०२४ च्या जानेवारीत. निकाल कोणाच्या बाजूनं लागला ते सोडा. दीड वर्ष हा आकडा तेवढा लक्षात ठेवा, कारण 'सगळं राजकारणच सडलंय' यापेक्षा 'अध्यक्षांवर मुदतीचं बंधन नाही' ही तक्रार जास्त कामाची आहे. पहिलीवर फक्त मान हलवता येते. दुसरीवर उमेदवाराला दारात उभं करून विचारता येतं, की याबद्दल तुमच्या पक्षाचं काय म्हणणं.

आता तुमच्या नोटाकडे येते. माझी या बाबतीत एक आठवण आहे.

मी शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी चुकली नाही. २००९ ची लोकसभा. मी मतदान अधिकारी क्रमांक दोन, म्हणजे बोटाला शाई लावायची, रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा घ्यायचा, चिठ्ठी द्यायची. दुपारी, ऊन मी म्हणत होतं तेव्हा, पन्नाशीचे एक गृहस्थ आले. शाई लावून घेतली, सही केली, आणि चिठ्ठी घ्यायला हातच पुढे करेनात. म्हणाले, "मला कोणालाच मत द्यायचं नाही. तसं लिहून घ्या." आम्ही सगळे गांगरलो. केंद्राध्यक्षांनी पुस्तिका उघडली, बोट फिरवत फिरवत नियम शोधला. ४९-ओ. तशी सोय होती. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे तसा शेरा लिहायचा आणि त्याखाली त्यांची सही घ्यायची. या सगळ्याला चार-पाच मिनिटं गेली. बाकावर बसलेले सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट तोवर माना वळवून त्यांच्याकडे बघत होते. एक जण हसला. गृहस्थ कानापर्यंत लाल झाले, पण सही नीट, सावकाश केली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असणार.

मतदान संपल्यावर रजिस्टरातल्या सह्या आणि मशीनमधली मतं यांत एकाचा फरक आला. तो फरक १७-सी नावाच्या फॉर्मवर वेगळ्या ओळीत दाखवावा लागतो, तसा दाखवला आणि प्रत एजंटांना दिली. त्या फॉर्मवरचा तो '१' मला अजून दिसतो.

म्हणजे मत देणाऱ्याचं मत गुप्त, आणि न देणाऱ्याचं मात्र चव्हाट्यावर. नेमक्या याच मुद्द्यावर काही नागरिक २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात भांडत होते. २७ सप्टेंबर २०१३ ला निकाल लागला, की नकार द्यायचा असेल तर तोही गुप्तपणे देता आला पाहिजे. त्याच वर्षाअखेरच्या विधानसभा निवडणुकांत मशीनवर नोटाचं बटण आलं. तुम्ही २०२४ ला जे बटण कुणालाही न कळता दाबलंत, त्यासाठी त्या गृहस्थांना चार चौघांत लाल व्हावं लागलं होतं.

इथं थांबून तुम्हाला खूश करता आलं असतं. पण नोटाला दात नाहीत, हेही सांगायला हवं. २०२४ ला इंदूरमध्ये नोटाला दोन लाखांहून जास्त मतं पडली, तरी निवडून यायचा तो उमेदवार आलाच. लोकसभेला नोटा पहिल्या क्रमांकावर आला, तरी त्याच्या खालचा माणूस विजयी होतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये महापालिका-पंचायतींच्या निवडणुकांपुरतं ठरवलं, की नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक घ्यायची. लोकसभेला तसं नाही. तेव्हा नोटा दाबलात म्हणून मी तुम्हाला बोल लावणार नाही, पण तो दाबल्यावर आपली जबाबदारी संपली असं धरून चाललात, तिथं माझं तुमचं जमत नाही. पुढं सांगते का ते.

मधेच टीव्हीचं. रात्री आठ ते दहा म्हणजे महिन्याचे साठ तास. पूर्ण अडीच दिवस. आमचे हे गेल्यावर घरात आवाज हवा म्हणून मीही त्या चर्चा लावून बसायची, तेव्हा मी काही फार वरच्या पायरीवरून बोलत नाही. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं, की मला त्या रागाची गोडी लागली होती. ठरलेल्या वेळेला राग आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. तुम्ही पहाटे साडेपाचला उठलात त्यातला निम्मा भाग हाच आहे, असा मला दाट संशय आहे. उरलेल्या निम्म्याला मी आशा म्हणेन. बीपीच्या गोळीबद्दल मात्र तुमच्या बायकोचं ऐका. पेपर वाचा सकाळी, अर्धा तास. पेपरात लोक एकमेकांवर ओरडत नाहीत, एवढा तरी फायदा.

भावाचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं. शनिवार बघून वडिलांना भेटायला जाता! ज्या नेत्यांवरून तुम्ही आरतीच्या ताटासमोर भांडलात, त्यांतले निम्मे आज एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेत, आणि उरलेले पुढच्या निवडणुकीपर्यंत बसतील. त्यांच्या घरच्या लग्नांत सगळ्या पक्षांचे आहेर येतात. भांडणं राहतात ती तुमच्या-आमच्या घरात. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी याबद्दल सावध केलं होतं: धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तुम्ही म्हणाल, मी कुठं कोणाचा भक्त आहे, मी तर नोटावाला. पण भावाशी भांडताना तुम्ही कोणाची तरी बाजू लढवत होतातच ना? आणि द्वेष हीसुद्धा भक्तीचीच उलटी बाजू. ज्याच्या नावानं रोज दोन तास बोटं मोडता, तो तुमच्या देव्हाऱ्यात बसलेलाच आहे.

आता वडिलांच्या पेन्शनकडे या. तुमच्या पत्रातली ही एकच गोष्ट अशी आहे, जिच्यावर तुम्ही आणि तुमचा भाऊ भांडूच शकत नाही. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १००० रुपये ठरली. तेव्हाच्या हजारात काय यायचं आणि आता काय येतं, ते वाण्याच्या दुकानात तुम्हाला रोज कळतं. याच मागणीसाठी बुलढाण्यात म्हाताऱ्या पेन्शनरांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण चालवलं. त्याची बातमी रात्री आठ ते दहात तुम्ही कितीदा बघितलीत?

तुमच्या मतदारसंघाला एक खासदार आहे. तुम्ही नोटा दाबलात म्हणून तो तुमचा नाही असं होत नाही. जबाबदारी संपत नाही म्हटलं ते यासाठी. मत हे नेमणूकपत्र आहे असं समजा. नेमणूक तुमच्या मनाविरुद्ध झाली तरी काम विचारायचा हक्क जात नाही. स्टोअरला येणारा माल तुम्ही निवडलेल्या सप्लायरकडून नसला, तरी मोजून घेताच ना?

खासदाराकडे मागायचं काय, हे मात्र नेमकं हवं. लोकसभेत कामकाजाच्या दिवशी तोंडी उत्तरासाठी २० आणि लेखी उत्तरासाठी २३० प्रश्न यादीत येतात. कोणी काय विचारलं आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे संसदेच्या वेबसाईटवर नावानिशी सापडतं. तुमच्या खासदारानं ईपीएसवर कधी प्रश्न विचारलाय का, ते आधी बघा. विचारला असेल तर मंत्र्यांचं उत्तर वाचा, बहुधा ते गुळमुळीत असेल, आणि पत्रात त्यावर बोट ठेवा. विचारला नसेल तर 'या अधिवेशनात हा प्रश्न विचारा' एवढंच लिहा. एका पानाचं पत्र, खाली वडिलांची सही, त्याखाली तुम्हा दोघा भावांची. पोहोच घ्या. दोन महिन्यांनी पुन्हा लिहा. पेन्शन वाढेल का? या एका पत्रानं नाही वाढणार. पण अशी तालुक्यातून साठ पत्रं गेली, तर खासदाराच्या कार्यालयात बसलेल्या पोराला त्याची वेगळी फाईल करावी लागते. आणि फाईल झाली की साहेब दौऱ्यावर निघताना ती गाडीत ठेवली जाते. मी हे बघितलेलं आहे. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या एका मागणीसाठी आम्ही नेमकं हेच केलं होतं. तीन वर्षं लागली, निम्मीच मागणी मान्य झाली, आणि त्या निम्म्यावर आम्ही पेढे वाटले.

मुलगा. त्याचा प्रश्न उद्धट नाही, चांगला आहे, आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही हे बरंच झालं. सुचलं असतं तर भाषण झालं असतं. एका मतानं सरकार पडल्याची १९९९ ची गोष्ट त्याला सांगू नका. २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला, तेही नको. ती लॉटरीची जाहिरात झाली, आणि आजच्या पोरांना लॉटरीचं गणित आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

त्यानं विचारलंय तीस वर्षांत काय मिळालं, तर जे खरं आहे ते सांगा. १९९६ ला तुम्ही पहिल्यांदा लोकसभेला मत दिलं असेल. तेव्हा उमेदवारावर गुन्हे किती, मालमत्ता किती, हे कळायला कुठलाच मार्ग नव्हता, चहाच्या टपरीवरची कुजबुज सोडली तर. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ च्या निकालांनंतर प्रत्येकाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. गुन्हे असतील तर ते पेपरात जाहीर करावे लागतात. बारीक टाइपात, कोपऱ्यात, पण असतात. पक्षांना निवडणूक रोख्यांतून पैसे कोण देतं हे झाकून ठेवलं होतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला ती योजनाच रद्द झाली आणि महिनाभरात देणाऱ्यांची नावं लोकांसमोर आली. यातलं काहीही नुसत्या मतानं मिळालेलं नाही, हेही त्याला प्रामाणिकपणे सांगा. प्राध्यापक, वकील, निवृत्त अधिकारी अशी काही चिवट माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढली म्हणून मिळालं. आणि गुन्हे जाहीर करूनही तसले उमेदवार निवडून येतातच, हे तो लगेच म्हणेल. म्हणू द्या. बरोबरच आहे त्याचं.

माझ्यापुरती मी एक मोजपट्टी ठेवलीय. पहिल्या निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, उत्तरेकडच्या राज्यांत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी आपलं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. २०१९ च्या लोकसभेत बायकांच्या मतदानाची टक्केवारी पहिल्यांदाच पुरुषांच्या थोडी पुढे गेली. मधे गेली सदुसष्ट वर्षं. ज्याला दर पाच वर्षांनी सगळं बदलून हवंय, त्याला हे काहीच वाटणार नाही. मला वाटतं, कारण रजिस्टरवर सही घेताना "नाव सांगा" म्हटलं की आधी नवऱ्याकडे बघणाऱ्या बायका मी नोकरीच्या सुरुवातीला पाहिल्यात, आणि शेवटी शेवटी नवऱ्याला "तुम्ही व्हा पुढं, मला माझं कळतं" म्हणणाऱ्याही.

नाव नोंदवायची घाई करू नका, पण दार उघडं आहे एवढं त्याला सांगून ठेवा. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण नसली तर वर्षभर थांबावं लागायचं. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरतात. फॉर्म क्रमांक ६, मोबाईलवरून भरता येतो. त्याला भरायला लावू नका. त्याऐवजी त्याला खासदाराचे प्रश्न शोधायला बसवा, ते तुमच्यापेक्षा त्याला पटकन सापडतील, आणि आजोबांचं पत्र टाईप करायलाही कोणीतरी हवंच आहे. ज्याला आपण पत्र लिहितोय, तो माणूस निवडण्यात आपला हात नव्हता, हे त्याला टाईप करता करता टोचलं तर टोचू दे. नाही टोचलं, तरी पत्र तर जाईल.

वडिलांना घरून मत द्यायचा आग्रह पुन्हा करू नका. ८५ च्या पुढच्यांना तो अधिकार आहे, पण तो त्यांनी मागायचा असतो, मुलांनी लादायचा नसतो. रिक्षा आदल्या दिवशी सांगून ठेवा, एवढंच. जमलं तर कधीतरी विचारा, की हजार रुपयांच्या पेन्शनवर एवढ्या उन्हात का जाता म्हणून. उत्तर काय मिळालं ते मला कळवा. मला खरंच उत्सुकता आहे.

आणि भावाला फोन तुम्हीच करा, मोठे आहात. गणपतीचा विषय काढू नका, माफीही मागू नका, ती दोघांनाही जड जाईल. "वडिलांच्या पेन्शनचं एक पत्र करायचंय, तुझी सही लागेल," एवढं पुरे. फोन रविवारी करा. शनिवारी त्याची सेकंड शिफ्ट असते, तुम्हीच लिहिलंय.